बहुपदी कुठं तुटते?

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. भर मुलाखतीत मी गणिताचं असं वाटोळं केलंय, की आजही आठवलं की कान तापतात!

दुष्काळाची सालं होती. आमचे आईवडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आणि मी, वस्तीतला पहिला एम.एस्सी., घरात बसून! अशात तालुक्याच्या गावी, भूमला, नवं कॉलेज निघालं. कॉलेज कसलं? खरेदी-विक्री संघाचं रिकामं गोदाम. पिकलंच नव्हतं, तर त्यात भरणार काय? मग पोरं भरली. गणिताची एकच जागा होती. आईनं विहारात मेणबत्ती लावली. वडील म्हणाले, "घाबरू नगंस. येतंय तेवढंच सांग." नेमकं तेवढंच मी ऐकलं नाही.

मुलाखत म्हणजे समितीसमोर वर्गाला शिकवून दाखवायचं. समितीत संघाचे अध्यक्ष आबा आणि औरंगाबादहून आलेले गणिताचे तज्ज्ञ साहेब. विषय दिला मध्यमूल्य प्रमेय.

भिऊ नका, सोपं आहे. एसटी भूमहून शेजारच्या वाशीला सरासरी ताशी तीसनं गेली, तर वाटेत एखाद्या क्षणी तरी तिचा वेग बरोबर तीस असतोच. तो क्षण कुठला, ते शोधायचं. गणितात एसटीच्या जागी बहुपदी घ्यायची, एवढंच. अट एकच, तिची रेषा मध्येच तुटलेली नको.

सुरुवात झकास झाली. "बहुपदी कुठंही तुटत नाही," हे मी पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. मग बहुपदी म्हणून फळ्यावर एक्सचा वर्ग घेतला, दोनपासून सहापर्यंत. उत्तर आलं चार. एकपासून तीनपर्यंत घेतला, उत्तर दोन. अगदी मधोमध! वर्गाचं तसंच असतं हो. पण आबांनी मान डोलावली आणि माझ्या अंगात आलं.

"बघा मुलांनो, एवढी आकडेमोड हवीच कशाला? दोन्ही टोकांची बेरीज करा, निम्मी करा. कुठलीही बहुपदी असो!"

"लई सोपं केलं की राव!" आबा खूश.

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "आता घन घ्या. शून्य ते तीन."

मी झोकात उत्तर लिहिलं, दीड. वर फळाभर घनाची वक्ररेषाही काढली.

"पडताळून दाखवा."

पडताळलं. सरासरी आली नऊ. दीडपाशी वेग आला पावणेसात.

"किती कमी पडतंय?" आबांनी विचारलं.

"सव्वादोन."

"मग सोडा की साहेब! आणेवारी लावताना गावाचं पीक याच्यापरीस जास्त इकडं-तिकडं हुतंय!"

"आबा, हे प्रमेय आहे," साहेब म्हणाले. "इथं सूट नसते."

इथंच 'चुकलो' म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण डोळ्यांपुढं आईचे खडीनं सोललेले हात आले, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "साहेब, प्रमेय बरोबर आहे. पण ही बहुपदी मध्येच तुटते!"



पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, बहुपदी कुठंच तुटत न्हाय, असं आत्ताच म्हणलात की!"

"ही तुटते!" मी ठणकावलं.

"कुठं तुटतीया? दावा बरं," म्हणत आबाच फळ्यापाशी आले.

आता माघार कुठली? मी वक्ररेषेवर बोट ठेवलं. खरं सांगतो, तिथं रेषा तुटलेली दिसत होती! "ही बघा. इथं."

आबांनी वाकून पाहिलं. त्या जागी नख घातलं. नख आत गेलं.

"अहो गुरुजी, ही फळ्याची फट हाय! गोदामाचं जुनं दार हाय ते, दोन फळ्यांचं. काळा रंग म्याच मारून घेतलाय!"

पोरं अशी हसली, की वरचे पत्रे दणाणले. मी खडू ठेवला आणि बाहेर येऊन लिंबाखाली बसलो.

थोड्या वेळानं साहेब आले. माझ्या हातात एक काडी दिली. "मातीत सोडवा बघू."

सोडवलं. वर्गाची तिप्पट नऊ, म्हणजे वर्ग तीन. उत्तर तीनचं वर्गमूळ. अर्ध्या मिनिटाचं काम.

"येतंय की तुम्हाला! मग आत काय झालं होतं?"

"आत नोकरी हवी होती, साहेब."

साहेबांनी मातीतलं उत्तर पुन्हा एकदा पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आत जाऊन जागा दुसऱ्याला दिली.

रडू आलं मला, खोटं कशाला बोलू? पण निकाल बरोबर होता. त्या समितीत मी असतो, तर मीही मला घेतलं नसतं!