कुर्साकडची आमची पाळी

ईस्टरच्या आधी, उपवासकाळात फादरांनी चर्चच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवला. तुरुंगाचा होता. मला जायचं नव्हतं. नवरा म्हणाला, "चल गो, बघूया तरी."

तो स्वतः तुरुंगातून सुटून आठ महिने झाले होते. बंदरावर जाळ्यांवरून भांडण झालं आणि त्याने एका माणसाच्या हातावर वल्हं मारलं. तो हात पुन्हा जाळं ओढण्याच्या कामाचा राहिला नाही. त्याची शिक्षा झाली, ती त्याने भोगली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या माणसाच्या बायकोचा विचार मी अजून करते.

पिक्चरात एक म्हातारा कैदी होता. तो तुरुंगात सगळ्यांचा भात शिजवायचा. सुटायच्या दिवशी त्याला न्यायला कोणीच येत नाही, तेव्हा तो फाटकातून मागे फिरतो आणि पातेली घासायला बसतो. तिथे सगळ्या बायका रडल्या. माझा नवरा मात्र त्याआधीच, जेवणाची रांग दाखवली तेव्हा, मोठ्याने हसला. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मी पदर तोंडाशी धरला.

घरी आल्यावर विचारलं, "कित्याक हसलात?"

"इतको पांढरो भात थंय कोणी बघल्यान? आणि वाढणारो हसत वाढता."

पण हे नंतरचं. पिक्चर संपल्यावर फादर बोलले होते. म्हणाले, शिक्षा झाली म्हणून माणसाचा मान जात नाही, चर्चची शिकवण तशी आहे. त्याला काम देणं, आपल्यात जागा देणं हे काही दान नव्हे, तो त्याचा हक्कच आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, आता बरं होईल.

मग चहा झाला आणि वाड्यावरचे मुख्य लादीनीची यादी वाचायला उभे राहिले. ईस्टरनंतर आमच्या कुर्साकडे, म्हणजे वाड्यावरच्या क्रूसाकडे, नऊ संध्याकाळी लादीन, म्हणजे गाऊन प्रार्थना होते. रोज एका घराची पाळी. त्या घराने कुर्साला फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या आणि शेवटी खोबऱ्याच्या कातळ्या घालून उकडलेले चणे वाटायचे. आमचं घर सुताराच्या नंतर आणि मास्तरांच्या आधी. सासूच्या वेळेपासून तसंच. त्यांनी सुतार वाचलं आणि मग मास्तर वाचलं. नवरा तुरुंगात होता ती तीन वर्षं मी समजून घेतलं होतं. आता तो माझ्या बाजूला बसलेला होता. त्याने खाली बघितलं. मी उठून कप गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्यांच्या घरी गेले. ते नव्हते, त्यांची बायको सुकट निवडत होती. मी पडवीत बराच वेळ उभी राहिले. मला पटकन बोलता येत नाही.

"मावशे, यंदा आमची पाळी घाला."

"अगो बाय, माझां काय नाय. पण लोक पोरांक घेऊन तुमच्याकडे येवचे नाय."

"काल तुमी रडलास."

"रडलंय तर. पिक्चरातलो माणूस चणे घेऊन आपल्यासमोर येणा नाय गो." मग तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, "असां करूया. दिवस तुमचो, नाव तुमचां. चणे मी शिजवतंय."

ती मायेनेच बोलत होती. हो म्हटलं असतं तर सुटले असते. मी इतकी दमले होते की खरंच हो म्हणावंसं वाटलं.

"नको," मी म्हटलं. "चणे माझ्याच चुलीवर शिजतले. कोणी खाल्ल्यान नाय तरी चलात."

तिने सूप खाली ठेवलं. "बरां. सांगतंय तेंका. मगे कोण नाय इलां तर माझ्याकडे रडाक येव नको."

पाळी मिळाली. वाड्यावर चाळीसेक माणसं, मी सगळ्यांचे चणे भिजवले. आली अकरा. मुख्य आले, मावशी आली, सुताराच्या घरची आली. मास्तरांनी निरोप पाठवला की पाहुणे आहेत. नवरा पूर्वी लादीनीत दुसरा सूर धरायचा. त्या दिवशी तो मागे उभा राहिला, गायला नाही.

चणे त्यानेच वाटले. लोकांनी कागदात घेतले आणि पुडी हातातच ठेवली. घरी नेऊन खाल्ले की कोंबड्यांना टाकले, मला माहीत नाही. सुताराची आई मात्र कुर्साच्या पायरीवर बसून एकेक दाणा चावत होती. तिला दात थोडेच. तिने त्याला हाक मारली, "रे, मीठ कमी आसा."

तो घरी गेला, मीठ घेऊन आला, तिच्या कागदावर घातलं आणि ती खाऊन होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

उरलेले चणे आम्ही दोन दिवस खाल्ले. पुढच्या वर्षी यादीत नाव आपणहून येईल की मला पुन्हा मावशीच्या पडवीत जाऊन उभं राहावं लागेल, ठाऊक नाही. जावं लागलं तर जाईन. पण आता थोडे दिवस कोणाशी काही बोलायला नको वाटतं.