बेलाला कोणतं पाणी

लातूरच्या डाळमिलमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून माणिकप्पांचे गुडघे गेले. मिल सुटल्यावर त्यांच्याकडे एकच काम उरलं, पाणी आणणं. नळ आठवड्याला यायचा, आणि बोअर केव्हाच कोरडं पडलं होतं. शहराबाहेर शुद्ध केलेलं नाल्याचं सांडपाणी पालिका झाडांसाठी टँकरनं वाटायची. टँकर चौकात थांबला की माणिकप्पा दोन कॅन घेऊन रांगेत उभे राहत.

ते पाणी पेरूला चालायचं, कढीपत्त्याला चालायचं. अंगणातल्या बेलाला मात्र नाही, असं त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, बजावलं होतं. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बेल वाहिल्याशिवाय ती घास घेत नसे.

"गावाच्या मोऱ्या धुतलेलं पाणी. ते पानात चढणार आन पान लिंगावर. न्हाई."

बेलासाठी ती पिण्याच्या माठातला एक तांब्या काढून ठेवायची, स्वतःच्या वाटणीचा. एका तांब्यानं झाड जगत नाही. उन्हाळा चढला तसा बेल शेंड्याकडून वाळत आला. गुरम्माचे ओठही फुटले. झाड आणि ती, दोघांपैकी आधी कोण जाणार, हा विचार माणिकप्पा करत नसत. तो आपणहून येऊन त्यांच्यासोबत रांगेत उभा राहायचा.

एका दुपारी ती झोपली असताना त्यांनी टँकरचं पाणी बेलाच्या बुडात ओतलं आणि वर कोरडी माती पसरली. मग टँकर येईल त्या प्रत्येक दुपारी. पाप वाटलं असेल. पण थकलेल्या माणसाला पापही फार वेळ उचलून धरवत नाही.

वैशाखात बेलाला पालवी फुटली. गुरम्मा बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पायानं माती सारली. खाली ओल होती.

"अवो, एका तांब्याची येवढी ओल?"

माणिकप्पांची नजर रिकाम्या कॅनकडं गेली. तिनं पिशवी घेतली आणि उपाशीपोटी बेल विकत आणायला गंजगोलाईच्या बाजारात निघाली. तेही मागोमाग गेले.

फुलं विकणाऱ्या पंचफुलाबाईनं बेलाचा वाटा पानात बांधला.

"तुमच्या मळ्याला पाणी कंचं देता?" गुरम्मानं विचारलं.

"कंचं म्हणजे? नाल्याचं. मोटर टाकून उपसतो की. तुमच्याकडं येतं ते साळा शिकून येतं, अक्का. आमच्याकडं वाहतं तसंच."

"कवापासून?"

"मी नांदायला आले तवापासून. तुमचा देव कधी कुरकुरला का?"

गुरम्मानं हातातला वाटा तिच्या टोपलीत परत ठेवला. रागानं नाही, कुठं ठेवावा ते सुचलं नाही म्हणून. परतीच्या वाटेवर सावली नव्हती.

घरी येऊन तिनं आपल्याच बेलाचं एक त्रिदळ तोडलं, धुतलं, आणि पूजेला बसली. माणिकप्पा उंबऱ्यावर बसले, आतल्या बाजूला पाठ करून.

पूजा आटोपून ती बाहेर आली. बेलासाठी काढून ठेवलेला तांब्या तिनं उचलला, झाडाकडं पाहिलं, आणि तांब्या तोंडाला लावला. घटाघटा, सगळा.

"टँकर कवा हाय?" तिनं तोंड पुसत विचारलं.

"परवा."

"मला उठवत जा. एक कॅन मी धरीन. चोरून ओतला की लई जड लागतो."

माणिकप्पा गुडघे चोळत राहिले.