एकतीस तारखेचे तात्या

आमच्या मुलीनं पाचव्या वर्षीच वायलं निघायचं, वेगळं घर करायचं ठरवून टाकलं होतं. आमचं घर फुटताना तिनं सगळं पाहिलं होतं. पंच बसले, थोरल्या दिरांची आणि आमची चूल त्याच दिवशी वेगळी झाली, महिन्याभरात पुढच्या सोप्यात भिंत उठली. माणूस मोठं झालं की वायलं निघतं, हे तिला दात पडण्याइतकं साधं वाटायचं.

"कुनापासनं निघनार गं?" मी विचारलं.

"तुज्यापासनं आन पप्पापासनं."

"आन जेवनार काय?"

"डबा तू आनून द्यायचा. पर आत न्हाई यायचं. दारातनंच माघारी."

"आन भांडी?"

"ती घासून जा. पर भाईरच."

हे मी कोरेगावच्या बाजारात भेटेल त्या बाईला सांगायचे आणि पोट धरून हसायचे.

पंचांनी सासऱ्यांचीही वाटणी केली होती. तात्या एक महिना आमच्याकडं, एक महिना दिरांकडं. ते फौजेतनं निवृत्त झालेले. एक तारखेला सकाळीच आंघोळ उरकून, काळी ट्रंक उचलून ते या दारातून त्या दारात जायचे, बदलीचा हुकूम आल्यासारखे. मागं त्यांचा चहाचा मग घेऊन आमची मुलगी.

"तात्या, तुमाला तुमचं घर न्हाई व्हय?"

"दोन हायत की."

"मग भिताडावर झोपा. मंजी कुनीच भांडनार न्हाई."

तात्या खोकला येईपर्यंत हसले. मीही हसले, पण ते मला लागलं होतं. कारण भांडण माझंच होतं. जानेवारी, मार्च, मे, जुलै, हे चार एकतीस दिवसांचे महिने माझ्या वाट्याला; पुढचे तिच्याकडं जाणार होते, ते मी मोजत नव्हते. मी जावेला बजावलं, महिना म्हणजे तीस दिवस. ती म्हणाली, एक तारीख लागल्याशिवाय मी वाढणार नाही. दोघींतली एकही मागं हटेना. आमचे नवरे ऐकून न ऐकल्यासारखे करायचे.

त्या जुलैच्या एकतीस तारखेला मी तात्यांची भाकरी थापलीच नाही. "आजपासनं तात्या तिकडं," असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मुलीला सांगितलं आणि शेतात उसाच्या भांगलणीला, तण काढायला निघून गेले. जाऊ वाढील असं वाटलं, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. ती वाढणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

दिवस मावळायला परत आले, तर तात्या दोन्ही दारांच्या मधे ट्रंकेवर बसलेले. इस्त्रीचा सदरा, पाठ ताठ. पुढ्यात भातुकलीची ताटली, तिच्यात कच्ची ज्वारी आणि अर्धं बिस्कीट.

"मम्मी, तात्या आज माज्याकडं हायत," मुलगी म्हणाली. "मी वायली निघाली. तात्या लय जेवलं."

मी घाईघाईनं पीठ मळलं, ताट वाढून बाहेर आणलं. त्यांनी ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आज नगं सूनबाई. नातीनं वाढलंय."

आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरात ते पाळीनं आमच्याकडं आले. वाढेन तेवढंच खायचे, परत कधी मागायचे नाहीत. दिवाळीच्या आधी, दिरांच्या महिन्यात गेले. जाऊ आणि मी गळ्यात पडून रडलो. गावानं ते पाहिलं आणि सुनांनी म्हाताऱ्याचं चांगलं केलं, असं म्हटलं.

तेराव्यानंतर मी मुलीची वेणी घालत होते.

"मम्मी, तू म्हातारी झाली की एक महिना माज्याकडं येनार नव्हं?"

"व्हय की."

"पर मला भाऊ-भन न्हाई, मी तर एकटीच हाय." तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "मग दुसऱ्या महिन्यात तू भाईर बसायचं व्हय?"

तिला माझा राग आला नव्हता. रीत कशी असते ते ती विचारत होती, आणि ती रीत तिला मीच दाखवली होती.