आत माणूस झोपलंय

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका ओळीओळीला होणार, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. कुणाला दाखवायला लिहीत नाहीये, पण चुकून कुणाच्या हाती पडलंच तर हसू नका.

समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक वहिनी राहायच्या. गल्लीत कुणीही शिरलं की त्या दारात येऊन दोन्ही तळवे हवेत खाली दाबायच्या, जसं काही उतू जाणारं दूध हातानं बसवतायत. मग नुसत्या ओठांनी म्हणायच्या, "हळू. आत माणूस झोपलंय."

आत झोपलेला माणूस म्हणजे त्यांचे मालक. चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसच्या मशीनवर होते. कायमची नाईट, कारण नाईटचा भत्ता मिळतो. सकाळी कंपनीची बस हायवेच्या कोपऱ्यावर सोडायची. चहा-चपाती खाऊन ते आडवे व्हायचे, आणि तिथून पुढे संध्याकाळ होईपर्यंत त्या एका खोलीच्या घरात वहिनी सावलीसारख्या वावरायच्या. नळ सोडायच्या तर धारेखाली फडकं धरायच्या. दार लावायच्या तर कडी बोटांनी उचलून.

कुकर मात्र ऐकत नाही. म्हणून त्या डाळ-तांदूळ धुऊन कुकर पदराखाली धरून आमच्याकडे यायच्या. "ताई, तुमच्याकडं दोन शिट्ट्या देऊ का?" मिक्सरही आमच्याकडेच. माझे मालक चिडवायचे, "आपल्या गॅसवर आज कुणाची डाळ आहे, तेवढं सांगून जेवायला वाढत जा." एकदा कुकर खरंच बदलले गेले. त्या लातूरकडच्या. त्यांची तिखट डाळ खाऊन माझ्या मालकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आमची गोड डाळ खाऊन त्यांच्या मालकांनी विचारलं म्हणे, "आज कुणी आजारी हाय का घरात?"

माझ्याकडेच का येतात, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तुमचा आवाज मला चालतो." मला मोठ्यानं बोलायला कधी जमलंच नाही. सासरी सगळे त्यावरून बोलायचे. या बाईला ते बरं वाटलं.

टीव्ही त्या आवाज बंद करून बघायच्या. मालिकेत कोण काय बोलतं ते स्वतःच ठरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला गोष्ट सांगायच्या. मीही तीच मालिका बघायचे. त्यांच्या गोष्टीत सासू फार चांगली होती, सुनेच्या काळजीनं सारखी रडायची. खरी सासू तर विष कालवत होती. मी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांचीच गोष्ट मला जास्त आवडायची.

आमची गल्ली पुनावळ्यात, गावच्या लोकांनी शेतं विकून प्लॉट पाडले त्यातली. सगळीकडे असतो तसा गोंगाट इथेही होता. वहिनींनी तो एकेक करून बंद केला. भंगारवाला कर्णा लावून यायचा. त्याला त्या गल्लीच्या तोंडाशी गाठून चहा द्यायच्या, चहा संपेपर्यंत कर्णा बंद, आणि मग बायकाच भंगार घेऊन तिकडे जायच्या. भाजीवाल्याला त्यांनी ओरडायचंच सोडायला लावलं. तो कोपऱ्यावर आला की आम्हाला मिस्ड कॉल द्यायचा. सगळ्या बायका पिशव्या घेऊन मुक्यानं बाहेर. भावसुद्धा बोटांवर. तो चार बोटं दाखवणार, आम्ही तीन. तो कपाळाला हात लावणार. नवखा माणूस बघायचा तर त्याला वाटायचं, मुक्या माणसांची वस्ती आहे.

एका पोरानं फाडफाड आवाज करणारी बुलेट घेतली, तर वहिनी रस्त्यात आडव्या उभ्या.

"भाऊ, इथून पुढं ढकलत न्या."

"अहो काकू, गाडी आहे ही, हातगाडी नाय!"

"मी मागनं धक्का देते, पण चालू करू नका."

आणि खरंच पदर खोचून त्या मागे लागल्या. पोरगं लाजलं. रोज गाडी ढकलत न्यायला लागलं. तेव्हापासून पोरांनी त्यांचं नाव 'सायलेन्सर काकू' ठेवलं. त्यांना ते कळलं तर हसल्या, तेही तोंडावर हात ठेवून.

तुम्हाला वाटेल, नवऱ्याचा धाक असेल. मलाही वाटायचं. एकदा कुकर चढवून आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो, तेव्हा मी भीत भीत विचारलं, "मालक फार रागीट आहेत का हो?"

"छे हो. ते तर गाय हायेत." मग आपणहून म्हणाल्या, "आधी आम्ही राहायचो तिथं शेजारी यांच्याच लाइनवरचा एक जण होता. घरात लग्न होतं, दिवसा झोप झाली न्हाई, तसाच नाईटला गेला. मशीनवर डोळा लागला. डोळा लागला एवढंच, ताई. पंजा गेला. त्याच्या बायकोसंगं दवाखान्यात मीच बसलते."

शिट्टी झाली. त्यांनी गॅस बारीक केला.

"हे सकाळी बसमधनं उतरले की मी आधी हात बघते. तोंड मग."

त्या दिवशी मी आमच्या दाराच्या कडीला चिंधी बांधली.

पण त्यांचं जगणं म्हणजे कोंडलेलं जगणं. घरात थांबावं तर श्वाससुद्धा मोजून घ्यायचा. बाहेर जावं तर ते मध्येच उठून पाणी मागतील, स्वतः घ्यायला जातील, तांब्या पडेल, झोप मोडेल. म्हणून घर आणि आमचा ओटा यांच्यामध्येच त्यांची फेरी. उन्हाळ्यात त्या बिल्डिंगच्या जिन्याखाली बसायच्या, पाण्याच्या मोटरीशेजारी, भिंतीला डोकं टेकून. आकुर्डीला त्यांची सख्खी बहीण दिलेली. बसनं जाऊन येण्याजोगं अंतर. बहिणीला मुलगी झाली, बारसं झालं, पोरगी चालायला लागली, यांचं जाणं झालं नाही. "सुट्टीच्या दिवशी जा की," मी म्हणायचे. "सुट्टीला तर जास्त झोपतात, ताई."

मग एक दिवस माणच्या कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला असलेलं एक जोडपं एजंटबरोबर वहिनींच्या बिल्डिंगमध्ये खोली बघायला आलं. भर दुपारची वेळ. त्या पोरीनं गल्लीत उभं राहून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "किती शांत आहे इथं!"

वहिनी जिन्याखालून उठून आल्या. त्यांचं असं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. हळू आवाजात पण भरभरून बोलल्या, "अख्ख्या पुनावळ्यात अशी गल्ली न्हाई मिळायची. दुपारी पान पडलं तर ऐकू येतं. कर्णा न्हाई, हॉर्न न्हाई. भाजीवालासुद्धा फोन करून येतो." एजंट ऐकत होता. घरमालकीण मावशी वरून, गॅलरीतून ऐकत होत्या.

त्या जोडप्यानं वरची खोली मागितलेल्या भाड्याला घेतली, घासाघीस न करता. घरून काम करायला शांतता पाहिजे म्हणाले. मग तसेच आणखी आले. महिना उलटला नाही तोच मावशी वहिनींच्या दारात.

"आता समद्यांचंच वाढवायचं म्हनतो आमचा थोरला. लोकं मागतील तेवढं देत्यात गं. तुमाला झेपंल का बग."

आकडा ऐकून वहिनी उंबऱ्यातच बसल्या. मी आमच्या खिडकीतून बघत होते. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा चढलेला ऐकला. "मावशी, ही शांतता मी केली. गल्लीला विचारा."

मावशी काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनाही अवघड झालं. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "व्हय गं बाई, तूच केलीस, न्हाई कोन म्हनतंय? पर भिंती आमच्या हायेत."

मला तेव्हा बाहेर जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. चार शब्द मनात जुळवले. तोवर मावशी निघून गेल्या.

पगारात बसेल अशी खोली त्यांना चाकणच्या रस्त्यावर मिळाली, कंपनीच्या जवळ. खाली ग्रिलचं वर्कशॉप, समोर मोठमोठे ट्रेलर. निघताना टेम्पोत सामान चढवलं तेही दुपारीच. मालक आत झोपलेले, सगळ्यात शेवटी त्यांची गादी निघाली. वहिनींनी एकेक पातेलं साडीत गुंडाळलेलं. टेम्पोवाला वैतागला, "ओ ताई, काचेचं हाय का काय?" जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "तिथं हे झोपतील कसे हो? झोपले न्हाईत तर..." आणि टेम्पोत चढल्या.

त्यानंतर फोन वाजला की मी आधी नाव कुणाचं आहे ते बघायचे. स्वतःहून फोन करून विचारायची हिंमत होत नव्हती. काय विचारणार? हात आहेत का? शेवटी दिवाळीनंतर एक दिवस फराळाचा डबा घेतला आणि दोन बस बदलून एकटीच गेले. आयुष्यात इतक्या लांब मी एकटी गेले नव्हते.

खोलीखाली लोखंड कापायचं मशीन चालू होतं. ठिणग्यांच्या बाजूनं जिना चढले. वहिनींनी दार उघडलं. मी कुजबुजले, "कसे आहेत?" त्या ओरडल्या, "मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाई!" त्यांचा मोठा आवाज मला ओळखूच आला नाही. चांगला भरदार होता.

आत मालक झोपले होते. नुसते झोपले नव्हते, घोरत होते. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबलेला. मी आधी तो हात बघितला. धडधाकट होता. ट्रेलर गेला की फळीवरचे डबे थरथरायचे, पण तो माणूस हलत नव्हता.

चहाच्या वेळी ते उठले. चेहरा तुकतुकीत झाला होता, मी पुनावळ्यात बघितलेला माणूसच नव्हे. मला म्हणाले, "या ताई. इथं लई बरं हाय बघा. तिथं झोपच लागायची न्हाई."

वहिनी चहा गाळत होत्या. "कधी लागायची न्हाई?"

"कधीच न्हाई. म्हंजे डुलकी लागायची. पण तू पाय उचलून टाकणार, नळाला फडकं लावणार, मी डोळे मिटून तेच ऐकत पडायचो. आता भांडं उचललं. आता ठेवंल. ठेवलं का न्हाई? तू ठेवलेलं ऐकूच यायचं न्हाई, मग डोळा कसा लागंल?" ते हसले. "इथं काय ऐकणार? पडलं की झोप."

"मग सांगायचं न्हाई का?"

"तू एवढं करायलीस. काय सांगू?"

वहिनींच्या हातातली गाळणी तशीच. "म्हंजे तुम्ही तसेच जायचा? बिनझोपेचे? मशीनवर?"

"जात होतो. काय झालं का?"

खालचं मशीन लोखंडाला लागलं आणि पुढे काही ऐकू आलं नाही. वहिनी काहीतरी बोलल्या असाव्यात, ओठ हलले होते. मालकांनी बशीतला चहा संपवला, शिफ्टला अजून वेळ आहे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवे झाले. घोरणं सुरूही झालं.

मी निघाले. दारातून वळून बघितलं. त्या पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. बाहेर दोन ट्रेलर एकामागोमाग हॉर्न देत निघाले होते, खिडकीची काच वाजत होती. आणि वहिनींनी डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या मुठीत घट्ट धरून ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.