पुसलेली खूण

सुमनआक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी साडी नेसून उभा होतो. दचकू नका. सुरतेच्या कापड बाजारात माझ्यासारख्या सेल्समनला दिवसातून वीस वेळा पदर खांद्यावर घ्यावा लागतो, आणि त्या दिवशी समोर नागपूरचा मोठा व्यापारी बसला होता. पांडेसऱ्याहून तिच्या टेनिस कोर्टाशेजारच्या गिरणीच्या वॉचमनचा फोन आला. "बहेन गई, रात को नींद में," एवढंच तो म्हणाला. मी व्यापाऱ्याला निऱ्या दाखवल्या, सौदा पुरा केला, साडीची घडी घातली आणि मग निघालो. शेवटचा पॉइंट होईपर्यंत रॅकेट खाली ठेवायची नाही, हा आक्काचाच नियम.

आक्का माझी मावसबहीण, वयाने आठ वर्षांनी मोठी. तिचे वडील धुळ्यात साहेबलोकांच्या क्लबात टेनिस कोर्टाची देखभाल करायचे. साहेब चहाला बसले की ही मोडक्या रॅकेटने भिंतीवर बॉल मारत सुटायची. त्या भिंतीवरून ती राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या, आणि शेवटी खेळामुळे मिळालेली नोकरी सोडून युरोपात व्यावसायिक स्पर्धा खेळायला गेली. गल्लीतल्या बाया मावशीला विचारायच्या, "पोर काय करस तठे?" मावशी शांतपणे सांगायची, "चेंडू मारस." तीन हंगाम तिने चेंडू मारला. मग मनगट गेलं आणि ती परत आली. अर्धा खानदेश सुरतेत, मीही इथेच, म्हणून तीही भेस्तानला माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आली.

तिला कोर्ट मिळवून दिलं ते मी. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या शेठसमोर मी तिचा युरोपातला एक सामना एकट्याने वठवून दाखवला. हा माझा हुकमी प्रयोग होता. गणपतीत, लग्नात, वरातीची वाट बघताना, कुठेही लागायचा. पात्रता फेरीतला शेवटचा सामना, लाल मातीचं कोर्ट, अंपायर नाही. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं. पलीकडे हॉलंडची मारिके, आक्काच्याच खोलीत राहणारी, सकाळी तिच्याच पावाचा अर्धा तुकडा खाल्लेली. जिंकेल ती मुख्य फेरीत जाणार. मारिकेचा फटका येतो, रेघेजवळ पडतो... इथे मी थांबायचो, पाणी प्यायचो, लोकांना तळमळू द्यायचो... आणि हात उंच करून ओरडायचो, "आउट!" शेठने तिथल्या तिथे मिलशेजारची मोकळी जागा दिली. फाटकावर गुजरातीत बोर्ड लागला: विदेशात मुख्य फेरी खेळलेल्या सुमनबेन.

त्या कोर्टाची शान काय सांगू! कुंपणापलीकडे मिलचं गटार. बॉल त्यात गेला की त्या दिवशी जो रंग चालू असेल तो लावून बाहेर यायचा. आक्काकडे शिकणाऱ्या पोरी, सगळ्या लूम आणि मिल कामगारांच्या, कधी हिरव्या बॉलने खेळत, कधी जांभळ्या. रेघा आक्का स्वतः चुन्याने आखायची, डबा आणि दोरी घेऊन, रोज सकाळी.

मग प्लेगचं साल आलं. सुरत स्टेशनवर माणसावर माणूस, अख्खा खानदेश गावाकडे निघालेला. माझ्या मालकाने दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि पळ काढला. मी आक्काकडे गेलो, तर ती तोंडाला रुमाल बांधून रेघा आखत होती.

"आक्का, पोरी नाहीत, मिल बंद. कोणासाठी आखतेस?"

"मग घरी बसून काय उंदीर मोजू? ये, खेळ."

मी खेळलो, म्हणजे बॉल आणायला पळालो. शेवटी गटारात साचून राहिलेल्या रंगाने गुलाबी झालेला एक ओला बॉल माझ्या बाजूच्या रेघेवर पडला. पांढऱ्या चुन्यावर गुलाबी ठिपका. मी झटकन चपलेने तो पुसला, हात उंच केला आणि माझ्या प्रयोगातल्या आवाजात ओरडलो, "आउट!" आक्का हसली नाही. जाळ्याला वळसा घालून आली आणि पुसलेल्या जागेकडे बघत राहिली.

"तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"मी पायाने पुसलं होतं ते."

लाल मातीवर बॉलची खूण उमटते. मारिकेचा बॉल आत होता. मारिके ती खूण बघायला जाळ्यापर्यंत येईतो आक्काने बुटाने ती पुसून टाकली होती आणि रेघेबाहेरची दुसरीच, आधीची खूण तिला दाखवली. "तिने ती बघितली आणि सॉरी म्हणाली," आक्का म्हणाली. "मला सॉरी म्हणाली रे, पऱ्या." पुढच्या नाताळात मारिकेचं कार्ड आलं होतं: मी खेळ सोडला, आता शाळेत शिकवते, तू पुढे गेलीस याचा आनंद आहे. ते कार्ड आक्काने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं, पत्त्यासकट.

त्याच दिवशी तिने माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. मी आधी त्यात वादळ, अश्रू आणि मध्यरात्रीची तळमळ घातली. तिने सगळं खोडलं. तीन ओळी उरल्या. तुझा बॉल आत होता. खूण मी पुसली. माफ करता आलं तर कर. खाली सही. "टाकून ये," म्हणाली.

मी ते टाकलं नाही.

तेव्हा स्वतःला सांगितलं की बोर्ड जाईल, कोर्ट जाईल, पोरींचं काय होईल. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की पत्र गेलं तर माझा प्रयोग बंद पडला असता, आणि दुसरा इतका चांगला प्रयोग माझ्याकडे नव्हता. पत्र एका रिकाम्या साडीच्या खोक्यात ठेवलं.

रोज दहाच्या सुमारास पोस्टमन सायकलवरून कोर्टापाशी येई. आक्का खेळ थांबवायची, रॅकेट काखेत धरून फाटकाशी उभी राहायची. "आलं का?" पोस्टमन नाही म्हणून मान हलवायचा. मी म्हणायचो, परदेशी टपाल, वेळ लागतो. पहिलं वर्ष तिला ते पटलं. तिसऱ्या वर्षी एकदा म्हणाली, "नसेल करायचं तिला माफ. बरोबर आहे तिचं." त्यानंतर मला विचारलं नाही. फाटकाशी मात्र उभी राहत होती, शेवटच्या आठवड्यापर्यंत.

तेराव्यानंतर मिलच्या आवारात शोकसभा झाली. पोरी, कामगार, शेठ, सगळे होते. कोणीतरी म्हणालं, "प्रभाकरभाऊ, ते मॅचचं होऊन जाऊ द्या." मी उठलो. पाव सांगितला, लाल माती सांगितली, रेघेपाशी येऊन थांबलो. पाणी प्यायलो, पण या वेळी हात उंच केला नाही. "तो बॉल आत होता," मी म्हणालो, आणि बोर्डाकडे न बघता शेठकडे बघितलं.

शेठने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "ए तो बेने मने प्लेग पछी ज कीधेलुं." म्हणजे आक्काने त्याला प्लेगनंतर लगेचच सांगून टाकलं होतं.

"आणि बोर्ड?"

"बोर्ड बेननुं छे, भाई. मॅचनुं क्यां छे?"

मागून एक पोरगी म्हणाली, "काका, आम्हाला तर ती पहिल्याच दिवशी सांगायची. रेघ आखायला शिकवताना." म्हणजे चार वर्षं सबंध पांडेसऱ्यात खोटा सामना सांगणारा मी एकटाच होतो, आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत होते.

दुसऱ्या दिवशी ते पत्र रजिस्टर्ड टाकलं. खाली माझ्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या. पत्र लिहिल्या दिवसापासून माझ्याकडेच पडून होतं. लिहिणारी आता नाही, आणि तू माफ केलं नाहीस असं समजून ती गेली. त्यात ना वादळ घातलं, ना अश्रू.

त्याला आता पाच आठवडे झाले. बाजार उघडायच्या आधी मी कोर्टावर जातो. पोरी रेघा आखतात, हिरवा बॉल गटारातून काढून झटकतात. आक्काची रॅकेट शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते; ती माझ्या काखेत कधी येते, मला कळत नाही. दहाला सायकलची घंटा वाजते. पोरी आपण होऊन खेळ थांबवतात.

"आलं का?" मी विचारतो.

पोस्टमन उतरत नाही. नुसती मान हलवतो.