अक्कांच्या डोंगराची कॉफी

त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर दमणूक. नाशिकरोडला दोन खोल्या, तीन मुलं, सासूबाई, आणि यजमानांची छापखान्यातली पाळी दर आठवड्याला बदलायची. चूल कधी पेटायची आणि कधी विझायची, याला काही धरबंध नव्हता. दुपारी मुलं निजली की मी शेजारच्या अक्कांकडे जात असे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कॉफी हे निमित्त. मी जात असे ती भिंतीला पाठ टेकायला. तिथे मला कुणी हाक मारत नसे.

अक्का म्हैसूरकडच्या. त्यांचे यजमानही छापखान्यातच होते. लग्न होऊन इतक्या लांब आल्या होत्या, की माहेर म्हणजे वर्षातून एकदा रेल्वेच्या पार्सलने येणारी गोणपाटाची पिशवी. तिच्यात कॉफीच्या हिरवट, कच्च्या बिया असत. उंच डोंगरावर त्यांच्या वडिलांचा, अप्पांचा, लहानसा मळा होता, तिथल्या.

अक्का एका वेळी मूठभरच बिया लोखंडी कढईत भाजायच्या, हातयंत्रात दळायच्या आणि पितळी गाळणीतून थेंब थेंब उतरवायच्या. "वहिनी, तुमच्या दुकानातली कॉफी दहा गावची, त्यात वर चिकोरी. ही एकाच डोंगराची," असं त्या ऐटीत सांगायच्या. त्यांच्या मुलखात म्हणे एका फकिराने मक्केहून येताना सात बिया लपवून आणल्या आणि डोंगरावर लावल्या. आपल्याकडची सगळी कॉफी ही त्या सातांची नातवंडं. खरं-खोटं तो फकीर जाणे. पण अक्कांची कॉफी आधी कडू लागायची, मग संत्र्याच्या सालीसारखी, आणि घोट उतरल्यावर घशात मिऱ्याची ऊब राहायची. मळ्यात मध्ये मध्ये संत्री होती आणि सावलीच्या झाडांवर मिऱ्याचे वेल. सुरुवातीला मला ती मुळीच आवडली नाही. आमच्याकडे कॉफी म्हणजे भरपूर दूध, भरपूर साखर आणि जायफळ, तीही पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. सासूबाई तर अक्कांच्या कॉफीला करपलेलं पाणी म्हणायच्या.

मग एका वर्षी अक्कांचे वडील गेले. झाडांना कीड लागलेलीच होती. भावांनी मळा विकून टाकला. शेवटची पिशवी आली ती अर्धीच. तेव्हापासून अक्का फक्त रविवारी कॉफी करू लागल्या, तरी माझा पेला भरायचाच. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "घ्या हो. मला मूलबाळ नाही. ही चव माझ्यामागं आणखी कुणाला तरी ठाऊक पाहिजे की नाही?"

पावसाळा सरता सरता अक्कांना विषमज्वर झाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत झाली. तीन आठवडे दोन घरांचं पाणी, दोन घरांच्या चुली. ताप उतरला तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच आजारी दिसत होते. त्यांच्या तोंडाला चव नव्हती आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी पथ्य सैल केलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "वहिनी, माझी कॉफी करून आणता?"

मी पिशवी आणि यंत्र आमच्या घरी आणलं. पिशवीच्या तळाशी शेरभर बिया उरल्या होत्या. रोज मूठमूठ कोण भाजत बसणार, म्हणून सगळ्याच भाजल्या आणि सगळ्याच दळायला घेतल्या. हात चालत होते, डोकं झोपलं होतं. आजारी माणसाला झोप लागेल म्हणून, की नुसत्या सवयीनं, मी डब्यातलं जायफळ काढलं, बत्त्यानं फोडलं आणि बियांबरोबर यंत्रात टाकलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "आता कसा कॉफीचा वास येतोय!" तरीही माझ्या ध्यानात आलं नाही.

अक्कांनी पेला नाकाजवळ नेला आणि त्या थांबल्या.

"सगळी दळलीत?"

मी मान हलवली, आणि तेव्हा कुठे आपण काय केलं ते मला कळलं. मी तिथेच रडायला लागले. थोडं दमल्यामुळेही असेल. अक्का रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी डोळे मिटून सावकाश अख्खा पेला संपवला आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आहे वहिनी. जायफळाच्या खाली अप्पांचा डोंगर आहे."

पुढे कितीतरी रविवार ती पूड पुरली. आम्ही दोघी समोरासमोर बसून ती प्यायलो. अक्का प्रत्येक वेळी डोळे मिटायच्या. मी खाली बघत राहायची.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती चव ठाऊक असलेलं माणूस मी एकटीच उरले. संत्र्याची साल, मिऱ्याची ऊब, असं मी वर लिहिलं खरं, पण ते शब्द अक्कांचे, पाठ झालेले. मी डोळे मिटते तेव्हा जिभेवर जायफळ येतं, आणि त्याच्या खाली मला काहीच सापडत नाही.