माळ्यावरची वाईन

आमच्या घरी पाहुणे पैसे देऊन राहतात. शेणानं सारवलेली खोली आणि नाचणीची भाकरी, एवढ्यासाठी लोक कुठून कुठून येतात. आपण काय बोलायचं! एकदा पोर्तुगालची एक बाई आली. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घराण्याचा द्राक्षमळा, वाईन घरचीच. जाताना तिनं माझ्या सासऱ्यांना तांबड्या वाईनची बाटली दिली. माझ्या लेकीनं मराठी करून सांगितलं, "अज्जा, ही ठेवली की मुरती म्हणं. चांगल्या दिवशी उघडा."

"मळा कोण बघतंय? भाऊ?" सासऱ्यांनी विचारलं.

"भाऊ शहरात हाय. हीच बघती," बाईला विचारून लेकीनं सांगितलं.

"त्यांचा देशच तसला," म्हणत सासरे हसले.

आमची भाताची खाचरं आणि थोडी सुपारी. ती नातवानं, म्हणजे माझ्या मुलानं, सांभाळावी एवढीच सासऱ्यांची इच्छा. तो गोव्यात कारखान्यात. "नातू शेत धरील त्या दिवशी बाटली फोडू," असं जाहीर करून त्यांनी ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवली. आमच्याकडं मुरवायचं, सुकवायचं ते सगळं तिथंच जातं. भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं तिथं, बियाणं तिथं, सुकी मासळी तिथं. पावसाळ्यात घरात कोरडी जागा तेवढीच. वाईनला धूर चालतो का, हे बाईला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पावसाळे गेले. बाटली काळी पडली. नातू सणाला यायचा, रेंज शोधत टेकडीवर चढायचा, जेवायचा आणि जायचा. इकडं लेक टिलर चालवत होती, रानडुकरं हाकलत होती, रामनगरला सुपारीवाल्याशी भांडत होती. तिला हे शेतच पाहिजे होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं, सासऱ्यांना दिसत नव्हतं. मी एकदा बोललेच, "मामा, राबतंय कोण ते बघा तरी!"

"पोरगी म्हंजे परक्याचं धन," ते म्हणाले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी आमटीत मीठच घातलं नाही. ते मुकाट्यानं जेवले.

गेल्या लावणीला घरच्या लँडलाइनवर नातवाचा फोन आला. नोकरी कायम झाली, तिकडंच घर घेणार, आता शेतीचं काय ते तुम्ही बघा. सासऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पायरीवर जाऊन बसले. समोरच्या खाचरात लेक गुडघाभर चिखलात टिलर फिरवत होती. ते बराच वेळ तिकडं बघत राहिले.

मग त्यांनी माळ्यावरची बाटली काढली आणि लेकीला हाक मारली. बूच काढायचं हत्यार घरात कुठलं असणार! कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता घेऊन त्यांनी बूच उकरलं. रीतीप्रमाणं पहिली धार अंगणातल्या राखणदार देवाच्या दगडावर ओतली, मग तिच्या पेल्यात.

तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अज्जा, हे आंबलंय. पार शिरका झालाय."

त्यांनी पेला घेऊन चाखलं. खोकले. "व्हय," म्हणाले. "लई दिस ठेवली मी. तुज्यासाठी कवाच उघडायला पायजे व्हती."

मी रडले, उगाच कशाला लपवू. सासऱ्यांनी कोयता धोतराला पुसला. परत आकडीत अडकवला नाही, तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, चिखलाच्याच हातानं नाक पुसलं.

"टिलर चालूच हाय, अज्जा," ती म्हणाली, "डिझेल जळतंय." आणि खाचरात उतरली.